आगीच्या पोटातली गार हवा

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची नळी आहे. लांबीला तुमच्या कोपरापासून मनगटापर्यंत भरेन आणि जाडीला शाळेतल्या पेन्सिलीहूनही बारीक. रस्त्यात पडलेली दिसले तर नळ दुरुस्त करणाऱ्याच्या पिशवीतून पडलेला तुकडा समजून तुम्ही बापडे मला पायाने बाजूला साराल. पण सूर्याचा पृष्ठभाग जेवढा तापलेला असतो, त्याच्या दुप्पट तापलेल्या जागी मी डोके घालून आले आहे, आणि तेही एकदा नव्हे, हजारो वेळा. स्वतःचे मोठेपण स्वतःच्या तोंडाने सांगू नये म्हणतात. माझ्या बाबतीत दुसरे कोणी सांगायला येत नाही, म्हणून मीच सांगते.

माझा जन्म एका प्रयोगशाळेच्या मागच्या कार्यशाळेत झाला. कार्यशाळा म्हणजे एक लांबट खोली, एक लेथ, भिंतीवर आकाराप्रमाणे टांगलेले पाने, आणि या सगळ्याचे मालक असल्यासारखे वागणारे मिस्त्री. मिस्त्री बोलायला फटकळ आणि हाताने हळुवार. त्यांनी तांब्याच्या तीन नळ्या एकीत एक अशा बसवल्या. बाहेरच्या दोन फटींतून गार पाणी माझ्या टोकापर्यंत जाऊन परत यायचे, आणि अगदी आतली पोकळी रिकामी ठेवायची. टोकाशी आणि मागे बुडाशी तिन्ही नळ्या चांदीच्या डाखाने अशा सांधायच्या, की पाण्याचा थेंब बाहेर येऊ नये आणि हवेचा कण आत जाऊ नये. माझ्या आधीच्या दोन बहिणी सांधतानाच गेल्या. एकीचा सांधा तडकला, दुसरीचे तोंड वाकडे झाले. माझ्यावर त्यांनी अकरा दिवस काढले. बाराव्या दिवशी मला बादलीतल्या पाण्यात बुडवून दाबाने हवा भरली. एकही बुडबुडा वर आला नाही, तेव्हा त्यांनी मला पंचाने पुसले आणि म्हणाले, "ही टिकेल."

मग मला पुढच्या दालनात नेले. तिथे टॉर्च होती. हातात धरायचा दिवा नव्हे, मित्रांनो. मुठीहून थोडा मोठा पितळी ठोकळा, त्याच्या पोटात टंगस्टनची एक काडी आणि काडीभोवती तांब्याचा गळा. काडी आणि गळा यांच्यामध्ये विजेची ठिणगी अखंड पेटती ठेवायची आणि तिच्यातून आर्गॉन नावाचा वायू सोडायचा. आर्गॉन मोठा अलिप्त स्वभावाचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्या ठिणगीतून जाताना त्याच्याही अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात, आणि मग तो साधा वायू राहत नाही, प्लाझ्मा होतो. टॉर्चच्या तोंडातून त्याचा झोत बाहेर पडतो तो बोटभर जाड आणि वीतभर लांब. मधोमध डोळे दिपवणारा पांढरा, कडेला जांभळट. आवाज एवढा, की शेजारच्या माणसाशी बोलायचे तर हातवारे करावे लागतात. आणि तापमान बारा हजार अंश.

मला पहिल्यांदा त्या झोतात सरकवले तेव्हा माझी बोबडीच वळली. तांबे हजारेक अंशांना वितळते, हे कोणी न सांगताही मला ठाऊक होते. माझ्या अंगातून पाणी धावत होते म्हणून मी उभी राहिले. काचेपलीकडे मिस्त्री काळा चष्मा लावून अर्धा प्यालेला चहा हातात धरून उभे होते. त्यांचा चहा गार होत होता आणि चार हातांवर माझ्या नाकासमोर दोन सूर्यांची ऊब एकवटली होती. एवढ्याशा खोलीत एवढे अंतर! भीती ओसरल्यावर मला जे वाटले त्याला मी आजही दुसरा शब्द देऊ शकत नाही. मी थक्क झाले. आणि तुम्हांला खरे सांगते, त्यानंतरच्या हजारो खेपांत तो थक्कपणा कधी शिळा झाला नाही.

माझे काम सोपे होते. आधी तोंड बंद ठेवून झोतात उभे राहायचे. तेव्हा माझ्या पाण्याला किती ऊब लागते ते मोजायचे. मग तोंड उघडून झोतातला वायू आत ओढायचा. आता पाणी आणखी तापते. दोन्हींची वजाबाकी केली की ओढलेल्या वायूत किती उष्णता होती ते कळते. मग तो वायू एका बारीक पाइपातून शेजारच्या यंत्राकडे जायचा. कुठल्या वायूचा वाटा किती, ते हे यंत्र हुंगून सांगायचे. त्याला सगळे जण नाकाडे म्हणत. झोतात नुसता आर्गॉन आहे, की खोलीतली हवाही येऊन मिसळली आहे, आणि किती मिसळली आहे, हे मी आणि नाकाडे मिळून सांगत असू.

हे सगळे कशासाठी, असे तुम्ही विचाराल. त्या झोतात धातूची पूड सोडतात. पुडीचे कण वाटेत वितळतात आणि समोर ठेवलेल्या वस्तूवर जाऊन चिकटतात. असा थर बसला की साध्या वस्तूला नवी कातडी मिळते. पण वस्तू झोतापासून किती बोटांवर ठेवायची, यावर सगळे अवलंबून. फार दूर ठेवली तर वाटेत झोत निवतो, कण अर्धेकच्चे राहतात आणि थर आज ना उद्या सुटतो. झोत कुठे किती निवतो, हे ठरते त्यात गार हवा किती शिरली यावर. एवढ्याशा गोष्टीसाठी मोठी माणसे आयुष्ये घालवतात.

असाच एक माणूस म्हणजे मोठे सर. उंचीने बेताचेच, पण प्रयोगशाळा त्यांची म्हणून मोठे. सुरुवातीची दोन-तीन वर्षे त्यांनी मला फार जपले. काम संपले की स्वतः मऊ फडक्याने पुसत. पाहुणे आले की मला तळहातावर ठेवून दाखवत. "ही आमची जीभ आहे," ते म्हणायचे, "आगीची चव घेते." मी फुलून जात असे.

पुढे शेजारच्या खोलीत संगणक आले आणि सरांनी झोताचे मॉडेल बांधायला घेतले. मॉडेल म्हणजे झोताचे गणित. झोताचे हजारो बारीक चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात वायू किती, वेग किती, उष्णता किती इकडून तिकडे जाते, ते संगणकाकडून काढून घ्यायचे. तीन-तीन दिवस ते यंत्र घरघरत बसे आणि मग पडद्यावर रंगीत झोत उमटे, मधे पांढरा, मग पिवळा, मग लाल. सर तो दाखवायला सगळ्यांना हाक मारत. मिस्त्रीसुद्धा हात पुसत पुसत येऊन पाहत राहिले होते. मला हेवा वाटला, पण मी थक्कही झाले. जिथे मला पाण्याच्या जोरावर जेमतेम उभे राहता येत होते, तिथे हा माणूस खुर्चीत बसून फिरून येत होता.

सरांनी गणित आवाक्यात राहावे म्हणून एक गोष्ट गृहीत धरली होती. आर्गॉन आणि हवा एकमेकांना भेटले, की त्याच क्षणी ते एकजीव होतात. ऐकायला किती साधे आहे, नाही का? सर्वांनाच ते साधे वाटले.

मग एके दिवशी आमचे बिनसले. टॉर्चपासून चार बोटांवर झोताच्या मधोमध किती हवा असेल, ते मॉडेल सांगत होते: शंभरात दहा भाग. मी सांगितले: तीस. सरांनी पुन्हा मोजायला लावले. मी पुन्हा तीस म्हटले. खोटे कसे सांगू? मला तर ती हवा तोंडावर लागत होती. त्या पांढऱ्या जाळात उभी असताना मध्येच एक गार गोळा येऊन गालाला थापट मारून जायचा, मग पुन्हा जाळ, मग पुन्हा गोळा. आगीच्या पोटात गार हवा न जळता, न मिसळता फिरते आहे! एवढे मोठे आश्चर्य मी रोज अनुभवत होते आणि मला फक्त एक आकडा बोलता येत होता.

सरांनी मला हातात घेऊन उलटसुलट पाहिले. मग म्हणाले, "हिचा मागचा सांधा सुटलाय. खोलीतली हवा आत ओढतेय."

नाचता येईना अंगण वाकडे, असे मी मनात म्हटले. त्या दिवशी नोंदवहीत एक नवा रकाना आला. पहिला रकाना "वाचन", दुसरा "सुधारित". माझ्या गळतीपायी म्हणून माझा प्रत्येक आकडा एका गुणकाने कमी करायचा आणि सुधारित रकान्यात लिहायचा. तीसचे दहा व्हायचे. वर्षे गेली. नवे विद्यार्थी येत, मॉडेल चालवत आणि सुधारित रकान्याशी ताडून बघत. "काय तंतोतंत जुळतंय!" म्हणून ते आनंदाने टेबलावर हात मारत. जुळणारच की! मॉडेलशी जुळावे म्हणूनच तर आकडे बदलले होते. आपणच पेपर लिहायचा, आपणच तपासायचा आणि पहिला नंबर आला म्हणून आपणच पेढे वाटायचे, असा तो कारभार होता. लबाडी कोणाचीच नव्हती, हे मात्र सांगायला हवे. सगळी सरळ माणसे होती. त्यांना मी म्हातारी वाटत होते, एवढेच.

माझे पुसणे थांबले. काम असेल तेव्हा मला खणातून काढायचे आणि काम संपले की स्क्रू आणि तुटक्या क्लिपांच्या शेजारी टाकायचे. अंगावर काळपट हिरवा थर चढला. अशी वीस वर्षे झाली.

आता बाईंबद्दल सांगते. बाई पूर्वी सरांच्याच विद्यार्थिनी. मॉडेलचे काम त्या सरांच्या हाताखाली शिकल्या आणि पुढे तिथेच शास्त्रज्ञ झाल्या. सर महिन्याभरात निवृत्त होणार होते आणि प्रयोगशाळा बाईंकडे येणार होती. त्याच वेळी एक मोठे काम आले. खुब्याचा सांधा झिजलेल्या माणसांना धातूचा सांधा बसवतात. एका कारखान्याला त्या सांध्यावर आमच्या पद्धतीने थर द्यायचा होता, म्हणजे हाड त्याला घट्ट धरेल. सांधा झोतापासून किती बोटांवर ठेवायचा, तेवढे प्रयोगशाळेने सही करून कळवायचे होते. सरांचे मॉडेल म्हणत होते, आठ बोटे. सरांची सही झाली होती, बाईंची राहिली होती.

ती राहण्याचे कारण टेबलावर पडले होते. आठ बोटांवर ठेवून चाचणीसाठी धातूच्या दहा पट्ट्यांवर थर दिला होता. ओढून पाहिल्यावर तीन पट्ट्यांचा थर पापुद्र्यासारखा सुटून आला.

"पूड दमट असेल," सर म्हणाले. "पूड बदल आणि सही करून टाक. कारखाना थांबलाय."

"सर, माणसाच्या मांडीत बसलेला सांधा आपल्याला बाहेर काढून बघता येणार नाही," बाई म्हणाल्या.

पट्ट्या उचलायला आलेले मिस्त्री दारात थबकले. "बाई, हे खुब्यात बसवायचंच आहे ना?" त्यांनी विचारले. "माझी ताई वर्षभर काठी टेकत चालतेय. पुढच्या दोन-तीन महिन्यांत तिला तसला सांधा बसवायचाय. त्याच कारखान्याचा, डॉक्टर म्हणाले."

बाई एक सुटलेला पापुद्रा बोटावर घेऊन बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या सगळ्या नोंदवह्या घेऊन बसल्या. सुधारित रकाना त्यांना पाठ होता, सर्वांनाच होता. त्या दिवशी त्यांनी त्याच्यावर कागद ठेवून तो झाकला आणि पहिला रकाना वाचायला घेतला. वीस वर्षांचे माझे बोल, एकाखाली एक. संध्याकाळपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग वही घेऊन त्या सरांकडे गेल्या. जाताना त्यांनी मला खणातून काढून कोटाच्या खिशात अडकवले, म्हणून मी सगळे ऐकले.

"सर, हा गुणक कुठून आला?"

"गळतीचा आहे. नळी जुनी झालीय."

"गळती कधी मोजली होती का?"

"मोजायची कशाला?" सर म्हणाले. "किती गळतंय ते मॉडेलवरून कळतंच की."

सरांना स्वतःचे वाक्य ऐकू आले की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

बाई तडक मागे मिस्त्रींकडे आल्या. "काका, ही नळी गळते का हो?"

मिस्त्रींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "गळते? माझी नळी? कोण म्हणतं?"

"वहीत लिहिलंय. वीस वर्षांपासून."

"वीस वर्षं!" मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. "अहो, मग मला एकदा तरी सांगायचं होतं. तुमच्या वह्या कधी या खोलीत येतात का? मी आपला समजतोय, पोरगी नांदतेय सुखात." त्यांनी मला उजेडात धरले, अंगठ्याने माझ्यावरचा काळा थर घासला. मग म्हणाले, "एक फुगा आणा. आर्गॉन भरा त्यात. हिच्या तोंडाला बांधा आणि नाकाड्याला हुंगू द्या. हिच्यात हवा शिरत असेल तर दिसेलच की. यात काय एवढं मोठं शास्त्र आहे?"

मित्रांनो, आगीत डोके घालणाऱ्या माझ्यासारखीला तोंडात लाल फुगा धरून टेबलावर बसावे लागले. अवतार बघण्यासारखा होता. सगळी प्रयोगशाळा जमली. सरही आले. नाकाडे घूं घूं करत हुंगू लागले आणि पडद्यावर आकडा आला. आर्गॉन शंभर. हवा शून्य.

मिस्त्रींनी सरांकडे पाहिले नाही. ते फुग्याकडेच बघत राहिले.

"थांबा," सर म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता. "ही आत्ता गार आहे. गार असताना सांधा मिटलेलाच असणार. तापल्यावर तांबं पसरतं, डाख वेगळा पसरतो, आणि मग फट पडते. यावरून काही सिद्ध होत नाही."

म्हणणे खरे होते. मिस्त्रींनाही ते मानावे लागले. माझा जीव टांगणीला लागला. मला बोलता येत असते तर त्याच क्षणी ओरडले असते.

"मग तापलेली असतानाच बघू," बाई म्हणाल्या. "टॉर्चच्या अगदी तोंडाशी. तिथं बाहेरची हवा अजून पोचलेलीच नसते, हे तुमचं मॉडेलही म्हणतं, सर. तिथं नुसता आर्गॉन. तिथंही नाकाड्याला हवा दिसली, तर ही गळते. मी आठ बोटांवर सही करते आणि पुन्हा विषय काढत नाही."

"आणि नाही दिसली तर?" एका विद्यार्थिनीने विचारले.

"तोंडाशी ही वितळेल," मिस्त्री म्हणाले. "दोन बोटांच्या आत हिला कोणी कधी नेलेलं नाही."

"किती वेळ टिकेल, काका?"

"मला काय विचारता? मी आगीत जाऊन आलोय का?" ते चिडून म्हणाले. मग त्यांचा सूर उतरला. "हुंगलेला वायू नाकाड्यापर्यंत पोचायला किती वेळ लागतो?"

"बारा सेकंद."

मिस्त्रींनी मला पुन्हा हातात घेतले. "पाण्याचा दाब दुप्पट करतो," ते म्हणाले. "न्या. माझ्या ताईच्या खुब्यापेक्षा माझी नळी मोठी नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी टॉर्च पेटली. मला सरकत्या गाडीवर घट्ट बसवले होते. अंगातून पाणी एवढ्या जोराने धावत होते, की मी थरथरत होते. गाडी सरकू लागली. आठ बोटे. सहा. चार. इथपर्यंतची वाट माझ्या पायाखालची होती, ते गार गोळे नेहमीसारखे गालावर थापट मारत होते. तीन. दोन. गोळे विरळ झाले. एक. आणि मग टॉर्चचे तोंड.

त्या जागेचे वर्णन मी कसे करू? मला वाटले होते, तिथे सगळ्यांत मोठा कल्लोळ असेल. पण तिथे कल्लोळ नव्हता. तिथे विलक्षण निवांत होते. एकही गोळा नाही, एकही झुळूक नाही, नुसता एकसंध, निर्मळ उजेड, माझ्यावरून सरळ वाहत जाणारा. मी इतकी वर्षे झोताच्या अंगणातच घुटमळत होते आणि आज प्रथमच देवघरापाशी आले होते. माझे टोक मऊ होऊ लागले ते मला कळले. तरी मी तोंड उघडून तो उजेड प्याले. काचेपलीकडे बाई मोठ्याने सेकंद मोजत होत्या. आवाज ऐकू येत नव्हता, पण ओठ दिसत होते. नऊ. दहा. अकरा. बारा.

हवा शून्य.

"पुन्हा वाच," सरांनी हाताने खुणावले. विद्यार्थिनीने पडद्यावर बोट ठेवले. शून्यच होते.

बाईंनी मला तिथून एकेक बोट मागे घेतले. एका बोटावर शंभरात दोन भाग हवा. दोन बोटांवर नऊ. चार बोटांवर तीस. त्याच नळीने, त्याच तापलेल्या सांध्याने, त्याच दुपारी सांगितलेले तीस. आठ बोटांवर तर झोतात आर्गॉनपेक्षा हवाच जास्त भरली. मग माझ्या तोंडातून पाण्याचा पहिला थेंब बाहेर आला आणि त्याची फक्क करून वाफ झाली. मिस्त्रींनी धावत जाऊन टॉर्चचे बटण दाबले.

माझे तोंड मिटले होते, ओठ आवळून धरावेत तसे. एका कडेला डाख ओघळला होता. मिस्त्रींनी मला फडक्यात धरले. मी अजून गरम होते, तरी त्यांनी सोडले नाही.

सर स्टुलावर बसले. मग त्यांनी विचारले, "पण एवढी हवा इतक्या लवकर आत शिरते कशी? आणि शिरते, तर मधला उजेड एवढा पांढरा कसा राहतो? मिसळली तर सगळंच निवायला हवं."

"मिसळत नाही ती, सर, लगेच," बाई म्हणाल्या. "परवा लेकीला आंघोळ घालत होते. बादलीत कढत पाणी होतं, वरून गार सोडलं आणि घाईत ढवळायचं राहिलं. तिनं हात घातला आणि ओरडली, आई, इथं भाजतंय आणि इथं गार आहे! एकाच बादलीत. आपला झोतही तसाच असणार. कडेची गार हवा गोळ्या-गोळ्यांनी आत ओढली जाते आणि तशीच गार राहून बराच पल्ला जाते. मग कुठं विरघळते."

सरांनी आपला हात हवेत, नसलेल्या बादलीत घातल्यासारखा हळूच फिरवला.

"म्हणजे वीस वर्षं," ते म्हणाले, "मी बादली ढवळलेली धरली."

सरांचे डोळे भरले होते. मला वाटले होते, या दिवशी मला विजयाचा आनंद होईल. तसे काही झाले नाही. त्या माणसाने मला एके काळी मऊ फडक्याने पुसले होते.

सर उठले आणि आधी कारखान्याला फोन केला. "मी पाठवलेलं अंतर वापरू नका," ते म्हणाले. "नाही, पूड बरोबर आहे. चूक माझी आहे." मग त्यांनी बाईंना शेजारी बसवून मॉडेल उघडले. गार गोळे आणि गरम वायू यांचे हिशेब त्यांनी वेगळे मांडले, आजवर वेळ वाचवायला अर्धाच झोत घेत होते, तो पूर्ण घेतला. ते गणित तीन दिवसांऐवजी सोळा दिवस चालले. सतराव्या दिवशी पडद्यावर जे उमटले ते पाहायला मिस्त्रींनी मला मुठीत धरून नेले. गुळगुळीत रंगीत ज्योत गेली होती. तिच्या जागी फाटका, उसळता, जिवंत झोत होता, आणि त्याच्या पांढऱ्या पोटात निळे गार गोळे वाहत होते. अगदी मला गालावर लागायचे तसे. मी जे वीस वर्षे एकटीने अनुभवले, ते पहिल्यांदा सगळ्यांना दिसत होते. आणि त्या मॉडेलशी ताडायला नवे आकडे लागलेच नाहीत. वहीतला माझा पहिला रकाना पुरेसा होता.

अंतर आले पाच बोटे. त्यावर दहा पट्ट्या केल्या, दहाही पट्ट्यांचा थर घट्ट राहिला. मग आणखी शंभर केल्या. बाईंनी सही केली. मिस्त्रींच्या ताईंचा सांधा पाच बोटांवरच्या थराचा. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी मिस्त्री जरा उशिरा कामावर आले आणि कोणी विचारायच्या आधीच म्हणाले, "ताई आज जिना उतरून खालपर्यंत आली. काठी वरच विसरली."

मिस्त्रींनी माझ्यासारखीच एक नवी नळी बनवली. आता तीच झोतात जाते. निवृत्तीनंतर एकदा सर तिला बघायला आले. बाईंनी नवी नोंदवही त्यांच्यापुढे ठेवली आणि रकाने आखायला सांगितले. सरांनी पट्टी घेतली. त्यांनी "वाचन" लिहिले, रेघ मारली आणि सवयीने पट्टी दुसऱ्या रेघेसाठी सरकवली. तिथे त्यांचा हात थांबला. मग त्यांनी पट्टी उचलून बाजूला ठेवली आणि वही मिटली.

मित्रांनो, आता मी मिस्त्रींच्या खिडकीत असते. माझे तोंड कायमचे मिटले आहे, पण अंग लख्ख आहे, कारण ते मला आठवड्याला पुसतात. तुमच्याकडून मला एकच हवे आहे. तुमच्या आसपास कोणी तुमच्या मनाविरुद्धचे सांगत असेल, मग ते एखादे जुने यंत्र असो, आजारी माणूस असो की वर्गातले शेवटच्या बाकावरचे पोर, तर त्याचे सांगणे लगेच सुधारू नका. आधी त्याच्या जवळ जा, त्याला नीट तपासा. फुगा काही महाग नसतो. मी वीस वर्षे खरेच बोलत होते. मी गळते का, हे मात्र मला कोणी विचारले नव्हते.